शेवटच्या टाइलच्या पाठीवर

११ जानेवारी

डॉक्टरांनी गुडघ्यांना सुट्टी दिली आणि लेकीनं मला ही वही दिली. म्हणाली, "बाबा, आता वाकायचं नाही. बसायचं आणि लिहायचं." आजवर माझ्या वह्यांत फक्त मापं असायची. खोली बारा बाय चौदा, कापायच्या टाइला नऊ, दाराशी उतार. त्यापलीकडे काही लिहायची सवय नाही, तेव्हा अक्षर आणि अक्कल दोन्ही सांभाळून घ्यावी.

आज जेवताना करार झाला. लेकीनं पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर काम घेतलंय. मी नुसता स्टुलावर बसणार, हात लावणार नाही. स्लॅब आणि टाइल यांच्यामध्ये ती एक प्लॅस्टिकची चादर घालणार आहे. मेम्ब्रेन म्हणतात तिला. मी म्हणालो, फरशीला गादी कशाला? फरशी म्हणजे काय जावई आहे? ही, म्हणजे माझी बायको, पोळपाटावरून हसली. लेक हसली नाही.

करार असा. फरशी एक उन्हाळा आणि एक हिवाळा टिकली, तर माझी थैली तिची. आतल्या हत्यारांसकट आणि चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांसकट. फुटली तर ती टाइलच्या दुकानात काउंटरवर उभी राहणार, तिथून तिला केव्हाचं बोलावणं आहे. थैली खुंटीला. ही म्हणाली, "बापलेकीनं पैजा लावलेल्या आजच बघते आहे."

मग लेकीनं गिऱ्हाइकाचं नाव-गाव सांगितलं. घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई आहे, चढणीच्या रस्त्याला, वरच्या मजल्यावर राहते. मी तांब्याभर पाणी प्यायलो. त्या रस्त्यावर मी पूर्वी काम केलेलं आहे. तसं कुठल्या रस्त्यावर केलेलं नाही?

१४ जानेवारी

आज पहिला दिवस. जिना उंच आहे, मला बारा वर्षांच्या नवरीसारखं हात धरून वर नेलं.

घरात सगळीकडे घड्याळं. भिंतीवर, कपाटात, खिडकीच्या कट्ट्यावर, एक तर स्वयंपाकघरात बरणीशेजारी. प्रत्येकाची वेळ वेगळी. एकाचे दहा वाजून होतात तोवर दुसरं नऊचे ठोके द्यायला घेतं. तिथे तासभर बसलं की आपण जेवलो की जेवायचे आहोत हेच समजेनासं होतं. मला ते आवडलं. डोळे आपोआप मिटतात.

घड्याळबाई सत्तरीच्या आहेत, बारीक चणीच्या, डोळ्याला भिंग लावूनच हिंडतात. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "केस गेले की तुमचे." मी म्हणालो, गेले बाई, न सांगता गेले. मग चहा आणला. लेकीच्या कपात साखर, माझ्यात नाही. मी साखर घेत नाही हे बाईंनी तोंडावरून ओळखलं. अशी माणसं विरळा.

जुनी फरशी मी पोचायच्या आधीच उखडून झाली होती. लेकीनं दोन दिवस आधी येऊन उखडली. मला कशाला बोलावलं नाहीस, विचारलं तर म्हणाली, धूळ होती. स्लॅब उघडा पडलाय आणि खिडकीपासून दारापर्यंत त्यात एक तडा आहे, केसासारखा बारीक. लेकीनं त्यावर आडवी पट्टी ठेवून बघितली. दोन्ही बाजू एका पातळीत आहेत, खाली-वर नाहीत. "उन्हाळ्यात मिटतो, थंडीत उघडतो," ती म्हणाली. "वरखाली हलत नाही, बाजूलाच सरकतो. तेवढं चादर सांभाळते."

खाली घड्याळबाईंची अडगळीची खोली आहे. तिच्या छताला तोच तडा खालून दिसतो. मी स्टुलावर चढून तडा संपतो तिथे पेन्सिलीनं खूण केली. एवढं करायला करारात मनाई नव्हती.

जाताना अंगणातल्या राडारोड्यात जरा बघितलं. लेक वरून म्हणाली, "बाबा, काय शोधताय?"

काही नाही, म्हणालो.

१५ जानेवारी

चादर पसरली. खालून लोकरीसारखं अस्तर, वरून छोटे छोटे चौकोनी खळगे, एखाद्या चौकटींच्या वहीचं पान असावं तसे. लेकीनं स्लॅबवर पातळ मसाला ओढला, त्यावर चादर अंथरली, रुळानं दाबली. हात तिचा स्वच्छ आहे. माझा नव्हता एवढा, आणि मी हे तिला सांगितलेलं नाही.

"स्लॅब हलला तर हे अस्तर त्याच्याबरोबर सरकतं," ती मला समजावत होती. "वरच्या टाइलला पत्ताही लागत नाही. दोघांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवलं की एकाचा तडा दुसऱ्याला जातो, बाबा."

"आम्ही आयुष्यभर घट्टच धरलं."

"हो, माहितीये."

हे 'माहितीये' तिनं जरा वेगळंच म्हटलं. असो.

दुपारी डबा खाल्ल्यावर तिथेच कोपऱ्यात पाठ टेकली. मला झोप लागली आणि खोली सुटली. भिंती होत्या तिथेच राहिल्या, पण जमीन हलकेच निघाली, माझ्यासकट, दारातून, जिन्यावरून, चढणीच्या रस्त्यानं खाली. कुठे घासली नाही, कुठे आपटली नाही. घड्याळं किनाऱ्यावर राहिली आणि तिथून वाजत होती. मला अजिबात भीती वाटली नाही. जागा झालो तेव्हा एका घड्याळात तीन होते, एकात साडेअकरा, आणि लेक माझ्या डोक्याखाली तिची गुडघ्याला बांधायची गादी सरकवत होती.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहून टाकतो. वही माझी आहे, कोण वाचणार?

ती जुनी फरशी माझी होती. बावीस वर्षांपूर्वी मीच घातली. दोन हिवाळ्यांत फुटली, खिडकीपासून दारापर्यंत, सरळ. घड्याळबाईंचा दोनदा निरोप आला होता. मी गेलो नाही. आणि आता बाईंना मी आठवत नाही, हे माझं नशीब.

फुटली का तेही मला माहीत आहे. माझी एक सवय आहे. काम संपलं की ताबा देण्याआधी दुपारी मी त्या फरशीवर उघड्या अंगानं झोपतो, कान लावून. उठलो की हातोडीच्या दांड्यानं एकेक टाइल वाजवतो. भरीव असेल ती टक् बोलते, पोकळ असेल ती ढब्. ही म्हणते, तुमच्या फरशीची परीक्षा घोरण्यानं होते. म्हणो. एवढ्या वर्षांत झोपून बघितलेली एकही फरशी माझ्यावर उलटली नाही. फक्त त्या दिवशी मी झोपलो नाही. पावणेचारच्या सुमारास शेजारणीनं निरोप धाडला की घरी पोरगी चालायला लागली. अकरा महिन्यांची होती. मी शेवटची टाइल, कोपऱ्यातली, हातात धरून उभा होतो. शेवटच्या टाइलच्या पाठीवर मी तारीख लिहितो, कोणी कधी उखडली तर कळावं म्हणून. त्या दिवशी तारखेखाली लिहिलं, आज पोरगी चालली. टाइल बसवली, दाबली न दाबली, आणि धावत सुटलो.

मी पोचलो तोवर ती दमून झोपली होती. पण उठल्यावर चालली. दारापासून माझ्या गुडघ्यापर्यंत.

हे मी हिलाही सांगितलेलं नाही, आणि लेकीला तर मुळीच सांगणार नाही. उगाच तिच्या मनाला लागेल की तिच्या पायी बापाचं एक काम वाया गेलं.

१९ जानेवारी

तीन दिवस टाइला बसल्या. राखाडी, मोठ्या. लेक दातेरी थापीची सपाट बाजू घेऊन आधी चादरीचे खळगे मसाल्यानं भरते, मग दात्यांनी रेघा ओढते, मग टाइल ठेवून किंचित पुढेमागे सरकवते. भिंतीच्या कडेनं सगळीकडे बोटभर फट ठेवली आहे. मी म्हणालो, गवंड्यानं फट ठेवणं म्हणजे शिंप्यानं बाही लावायला विसरणं. तिथे मसाला भरायचा नाही, ती म्हणाली, तिथे फरशीला श्वास घ्यायचाय, वरून स्कर्टिंगची पट्टी येईल. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात मी आता तरबेज होत चाललोय.

फरशी सुरेख झाली आहे. संध्याकाळचं ऊन तिच्यावरून दारापर्यंत एकसंध गेलं, कुठे अडखळलं नाही. घड्याळबाई भिंग वर करून बघत राहिल्या. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. दोन्ही खरं आहे.

२१ जानेवारी

झोपलो फरशीवर. स्वप्न काही पडलं नाही, गाढ झोप. उठून दांड्यानं वाजवली.

ढब्.

पुढची वाजवली. ढब्. तिच्यापुढची, दाराजवळची, खिडकीजवळची. सगळ्या. कुठे कमी, कुठे जास्त, पण भरीव टक् एकीचाही नाही. चाळीस वर्षं या कानांनी मला फसवलं नाही. पोरगी अख्खी खोली पोकळ घालून बसली आहे.

ती विचारत होती, "कशी आहे, बाबा?" बरी आहे, म्हणालो. तिचा चेहरा पडला. बरी म्हणजे काय हे तिला पाळण्यापासून ठाऊक आहे.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग बोला ना पोरीशी." सरळ माणसाला सगळं सरळच दिसतं. काय बोलू? तुझं पहिलं काम फुकट, जा काउंटरवर उभी राहा? आधी खात्री करायला हवी. उद्या ती सांधे भरायचा रंग आणायला बाजारात जाणार आहे.

२२ जानेवारी

मी केलं.

ती जिना उतरली तशी मी थैलीतून छिन्नी काढली. खिडकीजवळची टाइल निवडली, सांधे अजून भरलेले नव्हते. गुडघे टेकले की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तरी टेकले. अर्धा तास लागला. सुटता सुटेना. पोकळ टाइल एका ठोक्यात निघते, हेही मला माहीत आहे. मी तरी थांबलो नाही.

शेवटी निघाली ती चादरीचा वीतभर तुकडा घेऊनच निघाली. उलटी करून बघितली. पाठ मसाल्यानं कडेपर्यंत भरलेली. बोट घालायला जागा नाही. सगळ्या खळग्यांचे चौकोन तिच्यावर उमटलेले, एकही उणा नाही. मी आयुष्यात एवढी भरलेली टाइल बसवलेली नाही.

मी ती मांडीवर घेऊन बसलो. घड्याळबाई दारात उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

"मागच्या वेळी तुम्ही चारला निघून गेलात," त्या म्हणाल्या. "घरातल्या सगळ्या घड्याळांत तेव्हा एकदम चार वाजले होते. या घरात असं कधी होत नाही, म्हणून लक्षात राहिलं. आज थांबलात, बरं केलंत."

मला वाटत होतं बाई मला विसरल्यात. मी त्यांना हात जोडले. चुकलो, म्हणालो, निरोप आला तेव्हाच यायला हवं होतं.

"यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी मला सोडलं नाही, पण चहा आणला. साखर नव्हती.

लेक आली. टाइल बघितली, फाटलेली चादर बघितली, मग माझे गुडघे. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती माझ्या शेजारी बसली.

"आवाज आला ना वेगळा?"

"ढब् आला."

"येणारच, बाबा. खाली मोकळीक ठेवली आहे. तुमचा कान बरोबर ऐकतो. फक्त मोकळ्याला पोकळ म्हणतो."

मग मी सगळं सांगितलं. जुनी फरशी माझी होती, मी झोपलो नव्हतो, वाजवून बघितली नव्हती, निरोपाला गेलो नव्हतो. "या खोलीत दुसऱ्यांदा तडा गेला आणि नाव तुझं लागलं तर?" असं म्हणताना माझा आवाज फाटला, तो मी खोकल्यावर ढकलला.

तिनं विचारलं, "त्या दिवशी झोपला का नाहीत? कसली घाई होती?"

"होती काहीतरी. आता आठवत नाही."

तिनं माझ्या मांडीवरची टाइल उचलून बाजूला ठेवली. मग उठली आणि धुतलेली थापी पुन्हा धुवायला घेऊन गेली. तिकडे पाच-सात मिनिटं नळ वाहत होता. पाणी वाया घालवायची तिला सवय नाही, दमली असेल बिचारी.

२३ जानेवारी

चादरीला ठिगळ लावलं. तिनं फाटलेला भाग चौकोनी कापला, मापाचा नवा तुकडा मसाल्यावर बसवला, शिवण दिसत नाही. मला म्हणाली, "बाबा, कडेच्या फटीत मसाल्याचे गोळे पडलेत, तेवढे काढाल?" करार तिनंच मोडला. मी भिंतीला धरून खोलीभर सरपटलो आणि पातळ पात्यानं फट साफ केली, चारही बाजूंनी, कण न कण. आजवर फटी बुजवण्याचं काम केलं, फट राखायचं काम पहिल्यांदा मिळालं. जमलं.

नवी टाइल बसवायच्या आधी ती म्हणाली, "तुमच्या कानावरची पेन्सिल द्या आणि तिकडे तोंड करा." तिनं पाठीवर काहीतरी लिहिलं. तारीख असेल म्हणावं तर त्याला एवढा वेळ लागत नाही. मी वळून बघितलं तोवर टाइल मसाल्यावर होती.

"काय लिहिलंस?"

"खूण."

१२ मे

ऊन भयंकर. स्लॅबचं काय होत असेल? मी जाऊन बघत नाही. फक्त आज त्या रस्त्यानं गेलो, सहज. खिडकी उघडी होती, आतून कुठल्याशा घड्याळाचे ठोके ऐकू आले. मोजले तर तेरा झाले. एकाचे सात आणि दुसऱ्याचे सहा असतील.

लेक दुकानातल्या काउंटरवर जात नाही अजून. मला न विचारता लहान लहान कामं घेते. माझी थैली खुंटीला आहे, पण पातळी बघायची पाणसळ अधूनमधून आत नसते. मी काही बोलत नाही. ही म्हणते, "तुम्हाला गप्प बसणं शोभतं."

२८ जानेवारी

वर्ष झालं. आज गेलो, तिघंही. हीसुद्धा आली, जिन्यात दोनदा बसली.

आधी खालच्या खोलीत. मी स्टुलावर चढलो, लेकीनं स्टूल धरलं. छताचा तडा माझ्या पेन्सिलीच्या खुणेच्या दोन वीत पुढे गेला होता, आणि रुंदही झाला होता, त्यात नाणं उभं राहील इतका. मी फटीत नख घालून बघितलं. लेक खालून म्हणाली, "उतरा, बाबा. वर चला."

वर काही नव्हतं. मी भिंग मागून घेतलं, बाईंनी दिलं. खिडकीपासून दारापर्यंत गुडघ्यांवर गेलो, प्रत्येक सांधा बघितला. एक केस नाही, एक टवका नाही. खाली जमीन दुभंगते आहे आणि वर ऊन तसंच दारापर्यंत जातंय. मी भिंग परत केलं आणि तिथेच रडलो, तिन्ही बायकांसमोर. त्याला आता इलाज नाही.

मग खांद्यावरची थैली काढून लेकीला दिली. भाषण पाठ केलं होतं, ते विसरलो. म्हणालो, "हातोडीचा दांडा सैल आहे, पाचर मारून घे."

तिनं थैली घेतली आणि आपल्या पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. जुनी टाइल, कोपऱ्यातली, दोन तुकडे. मी उलटी केली. अक्षरं माझी होती. जिथे मसाला पोचलाच नव्हता तिथे पेन्सिल बावीस वर्षं जशीच्या तशी राहिली होती. कामचुकारपणाचा पुरावा, आणि त्याच्यावर तारीख, आणि आज पोरगी चालली.

"कधी सापडली?"

"उखडली त्या पहिल्या दिवशी." तिचे डोळे भरले होते. "हे काम मी तेव्हा सोडणार होते, बाबा. चादर महाग पडते, बाई ऐकतील न ऐकतील. मग ही टाइल निघाली, आता कसं सोडू?"

हिनं तुकडे घेतले, वाचले, आणि मला म्हणाली, "एवढं होतं तर सांगायला काय झालं होतं?" आणि पदर डोळ्यांना लावला. मला वाटत होतं मी काहीतरी लपवतोय.

डबा खाल्ला. मग मी फरशीवर झोपायला निघालो, खिडकीजवळ, ठिगळाच्या टाइलवर. तेव्हा आठवलं. विचारलं, "या पाठीवर तू काय लिहिलं होतंस गं?"

लेक हसली. "उखडल्याशिवाय कळायचं नाही."

मी पडलो, कान लावला. दांड्यानं वाजवून बघावं असं हाताला वाटलं, पण हातोडी थैलीत होती आणि थैली तिच्या खांद्यावर. घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती. जमीन हलकेच सुटली, आणि मी तिला जाऊ दिलं.